लोकल संपते तिथे

आपल्या वस्तीतल्या सहली ठरलेल्या असतात. सहा डिसेंबरची चैत्यभूमी ही काही सहल नव्हे, ते आपले कर्तव्य. त्याखेरीज वर्षातून एकदा गाडी काढायची म्हटली की महाड, कार्ले, कान्हेरी, आणि वर्गणी बरी जमली तर अजिंठा-वेरूळ. लेणी पाहून झाली, वंदना झाली, पुरीभाजी झाली, मुले गाडीत झोपली की सहल संपली. त्यात वाईट काहीच नाही. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळात सहलीचा विषय निघाला तेव्हा मी डहाणूचे नाव काढले आणि सगळे हसले. "डहाणूला काय आहे? चिकू?" असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, "डहाणू म्हणजे लोकलवरची पाटी. तिकडे कोण जातं?" सहल अखेर दुसरीकडेच गेली. आम्ही नवराबायको आणि दोन मुले मात्र डहाणूलाच गेलो. मी तिकडे कामानिमित्त आणि सभांच्या निमित्ताने पूर्वी बऱ्याचदा गेलो आहे, पण घरच्यांना घेऊन प्रथमच. तिथल्या ज्या गोष्टी पर्यटनाच्या रंगीत पुस्तकात सापडत नाहीत त्या इथे लिहितो. त्या हसणाऱ्या दोघांनी तरी हे अवश्य वाचावे.

२०१३ च्या एप्रिलपासून पश्चिम रेल्वेची लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत जाऊ लागली. चर्चगेटपासून १२४ किलोमीटर. विरार सोडले की वैतरणेच्या खाड्या, मिठागरे, तिवरांचे रान सुरू होते आणि लोकलची ती नेहमीची मारामारी कुठे गेली ते कळत नाही. स्टेशनचे नाव डहाणू नसून डहाणू रोड. माझ्या धाकट्याने विचारले, "बाबा, रोड कशाला?" रेल्वेची ही जुनी पद्धत. गाव रुळांपासून दूर असले की स्टेशनला गावाच्या नावापुढे 'रोड' जोडायचा, म्हणजे उतरणाऱ्याने समजावे की अजून चालायचे आहे. केळवे रोड तसेच, डहाणू रोड तसेच. पुढे बोर्डी रोड नावाचे स्टेशन आहे. पण बोर्डीच्या समुद्रावर जायचे असेल तर शहाणा माणूस बोर्डी रोडला उतरत नाही, त्याच्या आधीच्या घोलवडला उतरतो. नावावर विसंबून आमचे एक स्नेही एकदा पुढे गेले आणि भर उन्हात पिशव्या घेऊन परत फिरले. लोकल डहाणूलाच संपते. पुढे घोलवडसाठी लांबची पॅसेंजर किंवा एसटी, नाहीतर स्टेशनबाहेरच्या भाड्याच्या रिक्षा.

डहाणू गावात समुद्राच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी एक लहानसा पोर्तुगीज किल्ला आहे. १७३९ च्या वसई मोहिमेच्या वेळी तो मराठ्यांकडे आला. रायगड-प्रतापगड पाहिलेल्याला तो किल्ला वाटणारच नाही. आत सरकारी कचेऱ्या थाटल्या गेल्या, त्यामुळे लोक तिथे इतिहास पाहायला कमी आणि दाखल्याला जास्त गेले. किल्ल्यापाशी फार रेंगाळू नका. खाडीकडे तोंड करून उभे राहा, कारण या खाडीची गोष्ट आपल्या घरातली आहे आणि ती आपल्यालाच ठाऊक नसते.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात तिथे, दहा क्रमांकाचा मोठा विहार आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने तो भिक्षूंसाठी कोरवून घेतला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या विहाराच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत त्याच्या दानांची यादी आहे. मी बी.कॉम. झालेला कारकून. यादी दिसली की वाचल्याशिवाय पुढे जात नाही. भाषांतर वाचताना एका ओळीवर थांबलो. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर त्याने लोकांना पार करण्यासाठी फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर निवारे व पाणपोया बांधल्या. दाहानुका म्हणजे ही आपली डहाणूची नदी. शूर्पारकाचे, म्हणजे नालासोपाऱ्याचे, नावही त्याच लेखात आहे. शिवाय नानंगोल नावाच्या गावातली बत्तीस हजार नारळाची रोपे त्याने दान दिली, असेही त्यात आहे. अभ्यासक हे गाव म्हणजे उंबरगावजवळचे नारगोल असे मानतात. उषवदात काही फक्त आपलाच दाता नव्हता. त्याच यादीत ब्राह्मणांना दिलेली गावे आणि गाईही आहेत, तेही सांगितले पाहिजे. पण डहाणूचे नाव इतके जुने, आणि ते सापडावे एका बौद्ध विहाराच्या भिंतीवर, तेही फुकट नावेच्या हिशेबात! आज खाडीवर पूल आहेत, नाव लागत नाही. आणि हमरस्त्याला चारोटीच्या टोलनाक्यावर रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला हा उषवदात सांगून पाहावा, तो काय म्हणतो ते ऐकण्यासारखे असेल.

याला जोड म्हणून दुसरी गोष्ट. डहाणूच्या दक्षिणेला चिंचणी गाव आहे. १९५५ मध्ये तिथे जमिनीतून काही ताम्रपट निघाले. त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६. त्यावेळी संजाणचा हा सगळा मुलूख राष्ट्रकूटांच्या वतीने कोण सांभाळत होता? एक अरब. ताम्रपटात त्याला ताजिक म्हटले आहे आणि नाव दिले आहे मधुमती. हे मोहम्मदचे संस्कृत रूप, असे जाणकार सांगतात. या अरब अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या, साळीचा भात, कालवण आणि तूप वाढणारे अन्नछत्र घातले, आणि एका देवीच्या मठाला जमीन द्यायलाही मान्यता दिली. म्हणजे उषवदातानंतर आठशे वर्षांनी, दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या देशाचा माणूस, आणि दान तेच: फुकट नाव. शाळेत आम्हाला राष्ट्रकूट शिकवले ते कैलास लेण्यापुरते. हे कोणी सांगितले असते तर इतिहासात आमचे दोन मार्क वाढले असते.

चिंचणी, वरोर, वाढवण या किनारपट्टीवर फिरताना आणखी एक नवल दिसते. समोर मासे वाळत आहेत, अंगणात जाळे विणले जाते आहे, आणि शेजारच्या पडवीत एक माणूस डोळ्याला भिंग लावून पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक नक्षी कोरतो आहे. हे डायमेकर. दागिन्यांचे साचे इथे घरोघर कोरले जातात. त्या साच्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा ठोकला की वेलबुट्टी उठते. आपल्या लेकीबाळींच्या कानातल्या फुलाची नक्षी कदाचित अशाच एका पडवीत जन्मलेली असते. माझ्या थोरलीने त्या कारागिराला विचारले, "काका, एक साचा करायला किती दिवस?" तो मान वर न करता म्हणाला, "चुकलं नाही तर चार." चुकले तर काय, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

याच वाढवणला मोठे बंदर व्हायचे आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. सुमारे शहात्तर हजार कोटींचे काम आहे. इथल्या घरांच्या भिंतींवर 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' असे लिहिलेले आहे. त्यामागे मोठा इतिहास आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने सबंध डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांना जागेची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत वारले. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला होकार दिला. पंचवीस वर्षांत समुद्र तोच, मासा तोच, कायदा तोच, आणि उत्तर मात्र उलटे. बंदर आले की नोकऱ्या येतील असे म्हणणारेही इथे आहेत आणि त्यांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. आपल्या पोरांच्या नोकऱ्यांसाठी मी स्वतः अर्ज लिहून देतो. पण मांगेला बाई टोपली डोक्यावर घेऊन पहाटेची गाडी पकडते ती कुणाच्या भरतीच्या यादीत बसणार, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही. तो किनारा जसा आहे तसा पाहायचा असेल तर फार वर्षे थांबू नये.

आणि या नाजूक म्हणून राखलेल्या तालुक्यात, खाडीपलीकडे उभी आहे औष्णिक वीज केंद्राची चिमणी. उंची सुमारे २७५ मीटर. कुतुबमिनार एकावर एक ठेवले तर पावणेचार लागतील. पाचशे मेगावॅटचे हे केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झाले आणि वीज जाते मुंबईच्या उपनगरांत. म्हणजे आमच्या चाळीतला पंखा. धाकट्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ चिमणीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मग इथल्या पाड्यात लाईट का जाते?" मी चिकूकडे वळलो.

चिकूबद्दल लोकांना वाटते की तो इथलाच. तो मूळचा मध्य अमेरिकेतला. तिकडे या झाडाच्या चिकापासून चघळायचा गोंद काढत, त्यावरूनच पुढे च्युईंग गम आले. म्हणजे ज्या झाडाचे फळ आपण खातो त्याच झाडाचा चीक तिकडची पोरे चघळत. पारशी-इराणी बागाईतदारांनी इथे वाड्या वाढवल्या आणि घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाडीत गेलात तर एक गोष्ट शिकून या. झाडावरचा चिकू नखाने किंचित खरवडायचा. आत हिरवे दिसले तर कच्चा, पिवळसर दिसले तर काढायला तयार. लांब काठीच्या टोकाला जाळी बांधून तो उतरवतात. उतरवणारे हात बहुतेक वारली बायाबापड्यांचे. मानांकन फळाला मिळाले, ते छानच झाले. मजुरीला अजून मिळायचे आहे. बाजारात चिकूच्या चकत्या, चिकूची भुकटी, चिकूचे लोणचेसुद्धा मिळते. लोणचे मी घेतले नाही. काही धाडसे तरुणांसाठी राखून ठेवावीत.

बोर्डीचा समुद्र इतका सपाट की ओहोटीला पाणी दूर जाऊन बसते आणि त्याला गाठायला चालत जावे लागते. लहान मुलांना बरा, पण भरती कधी ते गावात विचारून मगच आत जावे. सुरूच्या झाडांखाली डबे सोडून जेवलो. उत्तरेला झाई, तिथे महाराष्ट्र संपतो. इथली माणसे एका वाक्यात मराठी सुरू करून गुजरातीत संपवतात, मध्ये वारली शब्द टाकतात, आणि सगळ्यांना सगळे कळते. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा जुना उंबरगाव तालुका चिरला गेला. बहुतेक गावे गुजरातेत गेली. सत्तावीस गावे इकडे राहिली, ती आधी डहाणूला जोडली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी महाल झाला. आज ज्याला तलासरी तालुका म्हणतात तो हा. कागदावरची ती रेघ कोणाच्या परसातून गेली, कोणाच्या लेकीच्या सासरवाटेवरून गेली, हे बोर्डीच्या बाजारात दोन तास बसले की कळते.

बोर्डीहून पूर्वेला पाहिले की बारडाचा डोंगर दिसतो. त्यावर बहरोटची लेणी आहेत. पाय धड असतील त्यांनी अस्वलीच्या धरणाकडून सकाळी लवकर चढावे, बरोबर पाड्यातला वाटाड्या घ्यावा, पाणी घ्यावे. माझे गुडघे मला धरणापर्यंतच नेतात. थोरली तिच्या मैत्रिणींबरोबर पूर्वी चढून आली आहे, तिच्या सांगण्यावर मी चालतो. लेणे म्हटले की आपण लगेच 'आपलेच' म्हणून मोकळे होतो. इथे तो मोह आवरावा. या लेण्यांची ओळख पारशांच्या अग्नीशी बांधलेली आहे. संजाणवर सुलतानाच्या सरदाराने चाल केली तेव्हा पारशी आपला पवित्र अग्नी घेऊन या डोंगरात आले आणि बारा वर्षे तो इथे जपला, असे १६०० च्या सुमारास लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजान' या त्यांच्या काव्यात सांगितले आहे. पुढे तो वांसद्याला, मग नवसारीला आणि फिरत फिरत १७४२ मध्ये उदवाड्याला गेला. तिथे तो आजही आहे. बारा पावसाळे डोंगरावर आग विझू द्यायची नाही म्हणजे लाकूड लागते, धान्य लागते, खाली कोण येते-जाते यावर नजर ठेवणारा लागतो. ते डोंगरातल्या लोकांनी पुरवले नसेल तर कोणी? त्यांचे नाव कुठल्या काव्यात आले नाही. ते बहुधा असेच असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोसबाडच्या टेकडीवर गेलो. खरे म्हणजे मी ही सगळी सहल तिच्यासाठीच काढली होती, हे आता सांगायला हरकत नाही. माझी पत्नी एकवीस वर्षे अंगणवाडी सेविका आहे. सकाळी मुले गोळा करणे, खाऊ, वजन, रजिस्टर, आता मोबाईलवर भरायची माहिती. एकवीस वर्षांत 'अंगणवाडी' हा शब्द तिने किती हजार वेळा लिहिला असेल, पण तो आला कुठून ते तिलाही माहीत नव्हते आणि मलाही नव्हते.

तो इथून आला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ च्या डिसेंबरात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाई शिकलेल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या. अनुताई बालविधवा, लग्न तेराव्या वर्षी आणि काही महिन्यांतच कपाळ पांढरे. माँटेसरी पद्धत त्यांना खेड्यात आणायची होती. बालवाडी उघडली तर गोरगरिबांच्या वस्तीतली मुले येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कोणाला गुरे, कोणाच्या अंगावर धड कपडा नाही. मग त्या बायकांनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. अंगणात भरणारी वाडी, म्हणून अंगणवाडी. १९५७ मध्ये त्या कोसबाडला आल्या. इथे गुरे राखणाऱ्या पोरांच्या मागे कुरणात जाऊन शिकवले, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी, म्हणजे धाकट्याला पाळण्यात ठेवून थोरली बहीण वर्गात बसेल, ती विकासवाडी. विकत आणलेली महाग साधने परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, काड्या, शिंपले, पाने यांचीच खेळणी केली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा केंद्रांना नाव मिळाले ते हेच. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, त्यांना ते पाहायला मिळाले नाही. अनुताई १९९२ पर्यंत होत्या.

तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला सगळे फिरवून दाखवले. माझी पत्नी एक शब्द बोलली नाही. खेळण्यांच्या फळीपाशी ती बराच वेळ थांबली. चिंचोके, सागरगोटे, रंगवलेल्या काड्या. निघताना तिने एकच प्रश्न विचारला.

"बाई, त्या दोघींना पगार होता का मानधन?"

शिक्षिकाबाई हसल्या, मग हसायचे थांबल्या. आपल्या वाचकांच्या घरांत कोणी ना कोणी सेविका किंवा मदतनीस आहेच, त्यांना हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही.

कोसबाडहून गंजाडला गेलो. गंजाडच्या कळंबीपाड्यातले जिव्या सोमा मशे यांचे नाव आज जगात माहीत आहे. तांदळाच्या पिठाचे पांढरे चित्र, मातीच्या किंवा गेरूच्या भिंतीवर, हे वारली घरात लग्नाच्या वेळी काढायचे आणि ते काढायचे बायकांनी. जिव्यांची आई ते लहान असतानाच गेली. त्या धक्क्याने मुलगा बोलायचा थांबला आणि धुळीत बोटाने चित्रे काढून सांगू लागला. पुढे लग्न नसतानाही, रोज, पुरुष असून चित्रे काढणारे ते पहिले. पाड्यावर लोक आधी हसले असतील. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री; २०१८ च्या मे महिन्यात ते वारले. आज वारली चित्र बेडशीटवर आहे, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर आहे, आमच्या मंडळाच्या कॅलेंडरवरही आहे. कॅलेंडरवर काढणाऱ्याचे नाव नव्हते, हे मी परत आल्यावर पाहिले.

पण मला चित्रापेक्षा मोठे नवल वाटले ते लग्नाचे. वारल्यांचे लग्न लावते धवलेरी. ती बाई असते. तीच गाणी म्हणते, तीच विधी करते. पुष्कळदा ती विधवा असते. जिला बाकीचा समाज मांडवात पुढे येऊ देत नाही तिच्या हातून इथे लग्न लागते. आपण पंचवीस-पंचवीस वर्षे स्त्रीमुक्तीवर भाषणे देतो, आणि आपल्या वस्तीत लग्न लावायला येणारे बौद्धाचार्य मात्र अजून बहुतेक दादाच असतात. थोरलीने हे परतीच्या रिक्षात मला ऐकवले. मी ऐकून घेतले.

तलासरीत पाहायला म्हणून काही नाही, असे कोणीही सांगेल. हमरस्ता, ट्रक, टपऱ्या, गावाबाहेर घरांवर लाल झेंडे. हिवाळ्यात इथून गुजरातकडे निघालात तर रस्त्याकडेला मडकी उलटी करून वर निखारे ठेवलेले दिसतील. आत कंद, पापडी, बटाटे, औषधी पाल्यात कोंडून भाजलेले, तेलाचा थेंब नाही. ते उबाडियू जरूर खावे. मग पाड्यात एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून 'वेठ' हा शब्द काढावा.

१९४५ च्या २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले. तोवर इथे जमीनदाराकडे फुकट राबणे हा शिरस्ता होता. लग्नाला कर्ज घेतले की नवरा-बायको दोघेही सावकाराचे बांधील. त्यांना नाव होते लग्नगडी. झरीला ठरले: वेठ करायची नाही, आणि बारा आणे रोख रोजाशिवाय जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकायचे नाही. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. लोक तरी तासन् तास हलले नाहीत. गोदावरीबाईंनी हे सगळे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले, त्याला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या वाचनालयात ते नसेल तर आणावे.

आणि शामराव परुळेकर कोण? १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून गेलेले. जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला तेव्हा बाबासाहेबांबरोबर शामराव होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, ते कम्युनिस्ट पक्षात गेले. आपल्याकडे ही नावे घेताना लोक आवाज हळू करतात, तो करायचे कारण मला दिसत नाही. कोकणातली खोती आणि तलासरीतली वेठ ही सख्खी भावंडे होती.

धुंदलवाडीच्या बाजूला आणखी एक विचित्र गोष्ट ऐकायला मिळते, पाहायला नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात भूकंपाचे लहान लहान धक्के सुरू झाले. आधी जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज, मग हादरा. १ फेब्रुवारी २०१९ ला मोठा बसला. घाबरून पळताना एक चिमुरडी दगावली. थंडीत लोक तंबूत झोपले, शाळाही बाहेर तंबूत भरल्या. एक बाई सांगत होत्या, "तेव्हा आमची पोरं परत अंगणातच शिकत होती." माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले.

परतीची लोकल डहाणूहूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. आमच्या डब्यात चिकूच्या दोन मोठ्या टोपल्या चढल्या, मागोमाग मोगऱ्याच्या कळ्यांची फडक्यात बांधलेली गाठोडी. वाणगाव गेल्यावर पत्नीने पिशवीतून कागदाची एक पुडी काढली. शिक्षिकाबाईंनी कोसबाडला तिला दिलेले चिंचोके होते. ती ते मांडीवर घेऊन दहा-दहाचे ढीग करू लागली, सोमवारी वर्गात वाटायला. धाकटा मदतीला बसला. विरार येईपर्यंत एकशे चाळीस झाले.